मायक्रोवेव्ह घेण्याआधी भिंतीतला पॉइंट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सवलतींची पत्रकं पेपरच्या घडीतून घरोघरी जाऊ लागली, की त्यातल्या मायक्रोवेव्हच्या चौकटीत तीनच गोष्टी ठळक छापलेल्या दिसतात: किती लिटर, किती ‘ऑटो मेनू’ आणि महिन्याचा हप्ता किती. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरात हे यंत्र दहा वर्षं चालेल, की दुसऱ्याच उन्हाळ्यात क्रोशाच्या रुमालाखाली शोभेला पडेल, हे या तिन्हींवर ठरत नाही. ते ठरतं भिंतीतल्या पॉइंटवर, संध्याकाळच्या व्होल्टेजवर, घरातल्या ताटाच्या रुंदीवर आणि आपण खातो काय त्यावर. घरगुती उपकरणांची दुरुस्ती हाच आमचा धंदा, म्हणून घेणाऱ्यांना उपयोगी पडेल ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे. जागेनुसार कापावं, फक्त पॉइंटचा आणि दाराच्या खटक्यांचा भाग ठेवावा.

यंत्राच्या पाठीवर एक चिठ्ठी असते. दुकानात डबा फिरवून ती वाचायला लावा. तिच्यावर वॉटचे दोन आकडे असतात. एक आउटपुट, म्हणजे अन्नात जाणारी शक्ती. ती साधारण ७०० ते ९००. दुसरा इनपुट, म्हणजे भिंतीतून ओढली जाणारी वीज. ती ११०० ते १४००. मधला फरक मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जातो. जाहिरातीत कधी एक आकडा असतो, कधी दुसरा, आणि ‘हा १२०० वॉटचा, तो ८०० चा’ अशी तुलना करून लोक एकाच ताकदीची दोन यंत्रं वेगळी समजतात. तुलना नेहमी आउटपुटची आउटपुटशी करावी. कन्व्हेक्शन मॉडेलला, म्हणजे गरम हवेनं भाजणाऱ्या यंत्राला, तिसरा आकडा असतो, हीटरचा. तो दोन हजारांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो.

आता हिशेब करा. १२५० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेपाच अँपिअरच्या आसपास. ओट्यावर मिक्सरसाठी असतो तो लहान पॉइंट ६ अँपिअरचा. म्हणजे साधा सोलो, फक्त लहरींवर चालणारा मायक्रोवेव्हसुद्धा त्याला अगदी काठावर नेऊन ठेवतो. कन्व्हेक्शन तर नऊ-दहा अँपिअर ओढणार. म्हणून १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो आणि तोही घरातल्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीनं आणलेला. जुन्या वायरिंगवर फक्त सॉकेट मोठं बसवून घेतलं, तर आतली बारीक वायर तशीच राहते. तापते भिंतीत, दिसत नाही कुणाला. मोठी पिन लहान पॉइंटात घालायचा जोड, तीन-चार भोकांची एक्स्टेन्शन पट्टी, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह एकाच बोर्डवर, हे तिन्ही टाळा. पिन काढून हाताला लावल्यावर चटका बसत असेल, किंवा सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर दोष यंत्रात नाही, पॉइंटात आहे.

अर्थिंग तपासल्याशिवाय तर यंत्र सुरूच करू नये. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे वायर नसते. ओल्या हातानं दाराची धातूची कड धरली की झिणझिण्या येतात, त्याचं कारण हेच असतं. वायरमनला शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावून बघायला सांगा. तो झळझळीत पेटला नाही, तर अर्थिंग नावालाच आहे. वीज गळली की लाइन तोडणारा ब्रेकर बसवलेला असेल, तर याच चाचणीला तो खाली पडतो. तीही चांगलीच खूण. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडते आणि पावसाळ्यात धड असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कामातून जातं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहणं हा फुकटचा उपाय.

व्होल्टेज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. संध्याकाळी कूलर, मोटारी, एसी एकदम चालू होतात तेव्हा गावाच्या टोकाच्या घरात १९० व्होल्टही मिळतात. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते: २३० ला दोन हजार वॉट देणारा हीटर १९० ला जेमतेम १३६५ देतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेली. केक मधे कच्चा, बट्टी वरून पांढरी, आणि दोष पाककृतीला! कन्व्हेक्शनचं काम दुपारी, व्होल्टेज बरं असताना उरकावं. स्टॅबिलायझर लावायचाच असेल तर एसीला लावतात तसा, निदान ३ किलोव्होल्ट-अँपिअरचा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर इथं जळेल.

एका शब्दानं आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. ‘इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह’ म्हणजे लाइन गेल्यावर घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणारा नव्हे. साध्या यंत्रात ५० टक्के पॉवर म्हणजे अर्धी शक्ती नसते. मॅग्नेट्रॉन पंधरा-एक सेकंद पूर्ण जोरात चालतो, मग तितकाच वेळ बंद राहतो. इन्व्हर्टर प्रकारात जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि ते शक्ती खरोखर कमी करून सलग देतं. दूध, लोणी वितळवणं, फ्रीजरमधलं बर्फ झालेलं अन्न मोकळं करणं, यांना त्याचा फायदा होतो. पण घरातल्या ८५० व्होल्ट-अँपिअरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर कुठलाच मायक्रोवेव्ह चालत नाही; लावला तर ओव्हरलोडची शिट्टी वाजेल आणि नशीब खराब असेल तर दोन्ही यंत्रं एकदम जातील. शिवाय त्या इलेक्ट्रॉनिक सर्किटाची पाटी व्होल्टेजच्या झटक्यानं गेली तर साध्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा खर्च पुष्कळ जास्त येतो. लाइन वारंवार ये-जा करत असलेल्या भागात आमचं मत साध्या यंत्राच्या बाजूनं आहे.

दोन गोल बटणांचं यंत्र की टच पॅनेलचं? लाइन जाण्याच्या दृष्टीनं दोघांचेही गुणदोष आहेत. टच पॅनेल लाइन गेली की सगळं विसरतं आणि आल्यावर बंद राहतं, हे सुरक्षित. मोटारीवर फिरणाऱ्या टायमरचं बटण मात्र लाइन गेली तिथंच थांबतं, आणि आली की यंत्र आपोआप पुढं चालू होतं, घरात कुणी असो वा नसो. लाइन गेली की बटण हातानं शून्यावर आणायची सवय लावून घ्या. एवढं सांभाळलं तर म्हाताऱ्या माणसांना गोल बटणंच सोयीची, आणि त्यांच्यात झुरळ शिरून बिघडेल असं फार काही नसतं. एक खोड आहे: अर्ध्या मिनिटासारखी छोटी वेळ थेट लावली तर ती नीट बसत नाही. बटण आधी दोन मिनिटांच्या पुढं न्यावं, मग मागं आणावं.

आता सोलो, ग्रिल की कन्व्हेक्शन. दुकानदार कन्व्हेक्शन पुढं करतो, कारण किंमत जास्त. घरात महिन्यातून दोनदा तरी केक, नानकटाई, बिस्किटं, पिझ्झा होत असतील तर जरूर घ्या. नाहीतर २० ते २५ लिटरचा सोलो पुरतो. वरण-बट्टीची हौस असलेल्यांना कन्व्हेक्शनचा उपयोग होतो: २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून, बट्ट्या जाळीवर एकमेकींना न चिकटवता ठेवून पंचवीस-तीस मिनिटं, मधे एकदा उलटून. गोवरीवरच्या बट्टीचा खमंगपणा तिला येत नाही, पण पोटात कच्ची राहत नाही. मधला ग्रिलचा प्रकार मात्र आमच्या मते ना इकडचा ना तिकडचा. वरचा हीटर हजार वॉटच्या आसपास, भाजतो एकाच बाजूनं, आणि पहिली हौस फिटली की बहुतेक घरांत ते बटण दाबलंच जात नाही.

लिटरचा आकडा म्हणजे आतल्या पोकळीचं माप. ताट फिरण्याशी त्याचा थेट संबंध नाही. २० लिटरच्या यंत्रातली काचेची प्लेट साधारण २५ सेंटिमीटरची, २८ लिटरमधली ३१ च्या पुढची. तुमच्या जेवणाचं चिनी मातीचं ताट २७ चं असेल तर ते लहान यंत्रात भिंतीला अडकतं, प्लेट फिरत नाही, एक घास चटका देतो आणि दुसरा गार राहतो. म्हणून दुकानात जाताना नेहमीच्या वाडग्याचं आणि ताटाचं माप सुतळीनं घेऊन जा. हसतील दुकानातली पोरं; हसू द्या.

पाठीमागच्या चिठ्ठीवर आणखी एक गोष्ट बघा. २०१२ च्या केंद्र सरकारच्या सक्तीच्या नोंदणी आदेशात मायक्रोवेव्हचाही समावेश होता. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक नसलेला, कुठल्या तरी अनोळखी नावाचा स्वस्त डबा घेऊ नये. ‘मॅग्नेट्रॉनची वॉरंटी इतकी वर्षं’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पण बिघाड बहुतेक वेळा दाराचे खटके, टच पॅनेल, प्लेटची मोटर यांचा असतो, आणि त्यांना सहसा एकच वर्ष. काचेची प्लेट आणि दिवा बहुधा त्यातही नाही. विचारायचा खरा प्रश्न असा: चोपडा, शिरपूर, शहादा, रावेर इथं कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो, की यंत्र जळगाव-धुळ्याला आम्हीच उचलून न्यायचं? सोलोचं वजन दहा-बारा किलो, मोठ्या कन्व्हेक्शनचं सतरा-अठरा. एसटीत घेऊन चढून बघा.

जागेचं बघू. दार डावीकडे उघडतं, जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचं. म्हणून डाव्या हाताला भिंत लागून असलेला कोपरा निवडला, तर दार अर्धंच उघडेल आणि भांडं तिरकं काढताना सांडेल. वरून वीस सेंटिमीटर, मागून आणि बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर मोकळं सोडा. पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं. फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका: गरम रस्सा डोळ्यांच्या उंचीवरून उतरवणं धोक्याचं. गॅसच्या शेजारीही नको. फोडणीची तेलकट वाफ जाळ्यांतून आत ओढली जाते आणि तिच्यावर धूळ चिकटून पंख्याची वाट बुजते.

खान्देशात ही हवेची वाट फार महत्त्वाची. १९४७ साली विक्रीला आलेला पहिला मायक्रोवेव्ह ओव्हन माणसाएवढा उंच होता आणि त्याचा मॅग्नेट्रॉन पाण्यानं थंड करावा लागे. आता तेच काम ओट्यावरच्या डब्यातला वीतभर पंखा बाहेरची हवा ओढून करतो. भुसावळच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातली हवाच ४४ अंशांची असेल तर तो पंखा थंड करणार कशानं? वीस मिनिटं सलग चालवलं की आतला उष्णतेचा खटका तुटतो. दिवा लागतो, प्लेट फिरते, अन्न मात्र तापत नाही, किंवा सगळंच बंद पडतं. हा बिघाड नव्हे. दार उघडं टाकून अर्धा तास थांबा, खटका आपोआप जुळतो. उन्हाळ्यात एका दमात दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, आणि दर महिन्याला पिन काढून बाहेरच्या जाळ्यांवरची धूळ कोरड्या ब्रशनं झाडावी. वर रुमाल, फुलदाणी, डबे रचले की तीच वाट बंद होते.

यंत्र आणल्यावर पहिली तपासणी: पाव लिटर पाणी, पूर्ण पॉवर, दोन मिनिटं. ८०० वॉटचं यंत्र ते उकळीला आणतं. ताकद नेमकी मोजायची असेल तर काचेच्या भांड्यात एक लिटर थंड पाणी घ्या, ढवळून तापमान बघा, बरोबर ६० सेकंद पूर्ण पॉवरवर ठेवा, बाहेर काढून ढवळा आणि लगेच पुन्हा मोजा. जेवढे अंश वाढले त्याला ७० नं गुणा. तेवढे वॉट अन्नात जातात. ११ अंश वाढले तर ७७०. टाकीचं पाणी उन्हाळ्यात आधीच कोमट असतं, म्हणून माठातलं घ्या. तापाचं थर्मामीटर चालत नाही, स्वयंपाकाचा डिजिटल हवा. हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवू नका, कॅलेंडरवर लिहा. दर वर्षी मोजला की मॅग्नेट्रॉन म्हातारा होतोय का ते कळतं. कन्व्हेक्शन असेल तर पहिल्यांदा फक्त कन्व्हेक्शनवर, २०० अंशांवर, पंधरा मिनिटं रिकामं चालवा, खिडकी उघडी ठेवून. हीटरवरचं तेल जळतं, धूर येतो, घाबरू नका. मायक्रोवेव्हचं बटण मात्र रिकाम्या डब्यावर कधीच दाबायचं नाही. लहान मुलं बटणं दाबत असतील तर आत पाण्याची वाटी ठेवून द्या.

आता आपल्या जेवणाकडे. या लहरींची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर. भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात तेव्हा काही जागी जोर धरतात, काही जागी मरतात. म्हणून प्लेट फिरते, आणि म्हणूनच अन्न ताटाच्या मधोमध ढीग करून ठेवू नये. भात, खिचडी कडेनं पसरा आणि मधे खळगा करा. भातावर दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण तिरकं ठेवा, एका ताटाला दीड मिनिट, मग एक मिनिट तसंच झाकून ठेवा. त्या एका मिनिटात उष्णता आतपर्यंत पोचते. घाईनं दार उघडून ‘मधे गारच आहे’ म्हणत पुन्हा मिनिटभर लावलं की कडा दगड होतात.

भाकरीचं आणि कळण्याच्या भाकरीचं गणित वेगळं. ओलसर सुती फडक्यात गुंडाळून मध्यम पॉवरवर वीस-पंचवीस सेकंद, एका वेळी एक. त्यापुढं गेलात तर आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि गार होताच भाकर चामड्यासारखी होते. खापरावरच्या मांड्यांना दहा-पंधरा सेकंद पुरे, आणि ते लगेच खायचे. कुरकुरीतपणा परत हवा असेल तर तवाच हवा; मायक्रोवेव्हचा तो स्वभावच नाही. शेवभाजीची तर्री गरम करताना शेव आधी घालू नका, नाहीतर लगदा होईल. तर्री झाकून तापवा, शेव वाटीत वरून.

भरताबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण ‘भरीत मेनू’ दाखवून यंत्रं विकली जातात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोद, असोद्याचं ते फिकट हिरवं, मोठं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात तेव्हा त्याला धुराचा वास लागतो. मायक्रोवेव्हमध्ये धूर नाही. चारशे ग्रॅमच्या वांग्याला काट्यानं आठ-दहा टोचे मारून, काचेच्या ताटलीत, मधे एकदा उलटून सात ते नऊ मिनिटांत ते मऊ होतं, सालही सुटते; पण ते उकडलेलं वांगं असतं, भाजलेलं नव्हे. टोचे मारले नाहीत तर वाफ कोंडून फुटतं आणि डब्याचं छत रंगतं. ज्यांना गॅसवर शेवटी दोन मिनिटं साल करपवायची तयारी आहे त्यांनी हा मार्ग घ्यावा. बाकीच्यांनी काड्या शोधाव्यात.

दुसरीकडे, शेंगदाणे भाजायला हे यंत्र तव्यापेक्षा सरस. दोनशे ग्रॅम दाणे रुंद काचेच्या ताटात एका थरात, एक-एक मिनिटानं हलवत तीन ते चार मिनिटं. रंग अजून थोडा फिका असताना काढा. बाहेर आल्यावरही ते आतून भाजत राहतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात करपतात. उडदाचा पापड तीस ते पंचेचाळीस सेकंद, अर्ध्यात उलटून. बिबडे जाड, त्यांना मिनिटभर लागतं. चार मध्यम बटाटे टोचे मारून सहा-आठ मिनिटं. लसूण सोलायच्या आधी पंधरा सेकंद ठेवला की सालं चटकन सुटतात. वाळलेली लाल मिरची मात्र भाजू नका: तिच्यात पाणी नसतं, ती पेट घेते, आणि दार उघडल्यावर ठसका अख्ख्या घराला. अंडं सालासकट नको, सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा अख्खं नको. तोंडाजवळ आणल्यावर फुटण्याची शक्यता असते. गुळगुळीत काचेच्या पेल्यात नुसतं पाणी फार वेळ तापवलं तर ते न उकळता उकळीच्या वर जातं आणि चहापूड टाकताच उसळतं. आत लाकडी काडी ठेवून तापवा. दूध पाव लिटर असेल तर भांडं अर्ध्या लिटरच्या वरचं घ्या.

भांडी कोणती? जाड उष्णतारोधक काच, सोनेरी-चंदेरी कड नसलेली चिनी माती. प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर पाण्याचे पदार्थ चालतील, पण भरीत, रस्सा यांसारखं तेलकट नको. तेल १०० अंशांच्या पुढं जातं आणि प्लास्टिकला खड्डे पाडतं. मेलामाइनच्या प्लेटा स्वतःच तापतात, त्या बाद. शंका असेल तर रिकामं भांडं आणि शेजारी पाण्यानं भरलेला काचेचा पेला ठेवून एक मिनिट चालवा. भांडं तापलं आणि पाणी गार राहिलं, तर ते भांडं मायक्रोवेव्हचं नव्हे. स्टीलचा डबा आत गेला की लहरी आतल्या अन्नापर्यंत पोचतच नाहीत, आणि कडेशी, भिंतीच्या जवळ ठिणगी उडते. कन्व्हेक्शनबरोबर मिळणारी लोखंडी जाळी फक्त पुस्तिकेत सांगितलेल्या बटणाबरोबरच.

आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी राखाडी पट्टी असते. ती अभ्रकाची, आम्ही मायका शीट म्हणतो. ती काढून फेकायची नाही. मॅग्नेट्रॉनकडून येणाऱ्या लहरींच्या तोंडावरचं ते झाकण आहे. तर्रीचे शिंतोडे तिच्यावर बसतात, जळून कोळसा होतो, कोळसा वीज वाहतो आणि मग चटचट ठिणग्या. घाबरून लोक नवं यंत्र घेतात, तेव्हा दोष फक्त या पट्टीचा असतो. मोठ्या आकाराची शीट मिळते. पिन काढून, जुनी समोर ठेवून कात्रीनं तेवढी कापून बसवता येते. तिच्या जागी पुठ्ठा किंवा चांदीचा कागद लावाल तर आग लागेल. आतला रंग सोलून पत्रा उघडा पडला असेल तरी अशाच ठिणग्या येतात. सफाईला पाव लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाच्या फोडी टाकून चार मिनिटं तापवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग ओल्या फडक्यानं पुसा. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, त्यापेक्षा पिण्याचं घ्या. तारेचा घासा लावू नका.

प्लेट कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते. तो बिघाड नाही, मोटरच तशी असते. फिरतच नसेल तर आधी खालची चाकांची कडी आणि मधला प्लास्टिकचा तिठा बघा, बहुतेक वेळा तो झिजलेला असतो आणि स्वस्तात मिळतो. दिवा, प्लेट, पंखा सगळं चालू आणि अन्न गार असेल तर मॅग्नेट्रॉन, डायोड, कपॅसिटर किंवा दाराचा खटका. ते घरी उघडून बघायचं काम नव्हे. पिन काढल्यावरही कपॅसिटरात हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो.

दाराच्या खटक्यांबद्दल ग्राहकानं एवढं माहीत करून घ्यावं. दारामागे सहसा तीन खटके असतात. दोन वीज तोडतात, तिसरा पहारेकरी. पहिल्या दोनांपैकी एक चिकटून बसला आणि दार उघडं असताना यंत्र चालू राहण्याची वेळ आली, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणजे दार उघडताना फट् आवाज येऊन यंत्र गेलं, तर ते तुमच्या जिवासाठी गेलं आहे. अशा वेळी कुणी नुसता फ्यूज बदलून ‘झालं, चालू’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. तिन्ही खटके तपासून, चिकटलेला बदलूनच फ्यूज घालायचा. फ्यूजच्या जागी तार बांधणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. दार आपटणं, हँडलवर ओला नॅपकिन अडकवणं, दारात फडकं अडकवून बंद करणं, हीच खटके आणि बिजागऱ्या बिघडण्याची कारणं. लहरी बाहेर गळतात का, हे आत मोबाइल ठेवून फोन लावून कळत नाही. रिंग वाजली म्हणून गळती सिद्ध होत नाही. मर्यादा पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट अशी आहे आणि तिला मीटर लागतो. दार सरळ बसत असेल, जाळी आणि कड स्वच्छ असेल तर काळजीचं कारण नाही. बंद केल्यावर अन्नात काही उरत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं.

बिलाची भीती बहुतेक अनाठायी. १२०० वॉटचं यंत्र पाच मिनिटं चाललं तर एक युनिटचा दहावा भाग. रोज पाच मिनिटं म्हणजे महिन्याला तीन युनिट. आणि त्याचं नुसतं घड्याळ दोन वॉट खात असेल तर तेही महिन्याला जवळजवळ दीड युनिट! वापर नसेल तेव्हा बटण बंद ठेवा. रात्री पाल, झुरळं उबेला पॅनेलमागे जाऊन सर्किट जाळतात तेही त्यामुळे कमी होतं.

यंत्र अगदी कामातून गेलं तर भंगारवाल्याला देताना निदान वायर कापून द्या, आणि तांब्याच्या वेटोळ्यासाठी ते दारातच उघडायला सांगू नका. मॅग्नेट्रॉनच्या कड्यांसारख्या चुंबकांसाठी मुलं तो हातोड्यानं फोडतात. काही जुन्या मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची पूड फुप्फुसाला घातक. शक्यतो ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा नव्या यंत्राच्या बदल्यात दुकानातच परत द्या.

आपले,
घरगुती विद्युत उपकरणं दुरुस्त करणारे काही कारागीर,
जळगाव-धुळे